कोपऱ्यातला चिखल

सादाओ इसोगाई गेले तेव्हा त्यांच्या घरात दोन कपाटं भरून कॅमेरे होते, तीन कपाटं भरून फोटो होते, आणि त्यांचा स्वतःचा धड असा एकही फोटो नव्हता.

"कुठलाही चालेल हो," मोमोसेबाई म्हणाल्या. त्या अंत्यविधीच्या सभागृहाकडून आल्या होत्या. काळा पोशाख, हळू आवाज, हातात पाटीसारखा टॅब. "उद्या संध्याकाळी लोक धूप वाहायला येतील. फुलांच्या मधोमध फोटो लागेल. चेहरा नीट दिसला म्हणजे झालं."

"कुठलाही!" सादाओंची बायको किनू म्हणाली. "बाई, तुम्ही या गावच्या दिसत नाही."

बाई तशा गावच्याच होत्या, सुवा सरोवराच्या पलीकडच्या काठावरच्या. पण त्यांच्या घरातलं कुणी होशिमीत कामाला नसणार. होशिमीवाल्यांच्या घरात 'कुठलाही कॅमेरा, कुठलीही लेन्स, कुठलाही फोटो' असं बोलायची सोय नव्हती. सरोवराच्या या काठाला होशिमीचा कॅमेऱ्यांचा कारखाना होता, कारखान्याच्या मागे होशिमीच्या माणसांची घरं होती, आणि त्या घरांत जेवायला बसल्यावर सुद्धा माशाच्या काट्याआधी कुराता कंपनीची हाडं मोजली जायची.

किनूने कपाटं उघडली. बघा म्हणाली. मोमोसेबाई बघत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. विटांच्या भिंतीचे फोटो होते. शेकड्यांनी. लेन्समधून सरळ रेषा वाकडी दिसते का ते बघायला काढलेले. दारावर चिकटवलेल्या वर्तमानपत्राचे फोटो होते, कडेची बारीक अक्षरं वाचता येतात का ते बघायला. आणि किनूचे होते. मागच्या अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली उभी किनू. तिशीतली किनू, चाळिशीतली किनू, केस पिकलेली किनू. सादाओंनी जेवढ्या लेन्स आखल्या, तेवढ्या वेळा त्या झाडाखाली उभी राहिलेली किनू.

"किती प्रेम होतं तुमच्यावर," मोमोसेबाई म्हणाल्या. त्यांना काहीतरी म्हणणं भाग होतं.

"डोंबलाचं प्रेम!" किनू म्हणाली.

रविवारी सकाळी हाक यायची, "किनू, जरा झाडापाशी उभी राहा." ही हातातलं काम टाकून उभी. थंडीत उभी, ताप असताना उभी, एकदा तर नववा महिना लागलेला असताना उभी. मग फोटो धुऊन आला की सादाओ डोळ्याला भिंग लावून तासभर त्यावर वाकायचे. आणि बघायचे काय? कोपरे. चारही कोपरे.

"मधे काय बघायचंय?" ते म्हणायचे. "मधे तर कुराताची लेन्ससुद्धा चांगली दिसते. लेन्सची जात कळते ती कोपऱ्यात."

आणि किनू मधे होती. उभा जन्म ती मधे उभी राहिली आणि नवरा कोपरे बघत राहिला. यावर कुणी काय बोलावं?

कुराता ही टोकियोची कंपनी. होशिमीची जन्माची वैरीण. किनूला त्या वैराची किळस होती, कारण ते वैर तिच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचं. कुराताने वसंतात कॅमेरा काढला की होशिमीने पानगळीत काढायचा. त्यांनी पाच रंग आणले की यांनी नऊ आणायचे. त्यांनी माणसाचा चेहरा ओळखणारा कॅमेरा केला, तर यांनी कुत्र्यामांजरांचे चेहरे ओळखणारा केला. होशिमीच्या बैठकीत म्हणे भिंतीवर एक तक्ता लागायचा. एका बाजूला कुराता, एका बाजूला आपण. जे आहे तिथे गोल, नाही तिथे फुली, अर्धंमुर्धं असेल तिथे त्रिकोण. साठ साठ वर्षांचे बाप्ये त्या फुल्यांकडे बघून रात्रीची झोप घालवायचे. लहान मुलं बरी, निदान गोट्या तरी खेळतात.

"अहो, पण कुत्र्याचा चेहरा ओळखून करायचंय काय?" किनूने एकदा विचारलं होतं.

"कुराताकडे ते नाही," सादाओ म्हणाले.

झालं. एवढंच उत्तर.

दरांचीही तीच तऱ्हा. एकाने दर पाडले की दुसऱ्याने त्याच आठवड्यात पाडायचे, आणि झालेला तोटा लेन्सच्या किमतीत भरून काढायचा. कॅमेरा जवळजवळ फुकट, लेन्स घ्यायला जा तर पगार खलास. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बरं, एकाची लेन्स दुसऱ्याच्या कॅमेऱ्याला बसेल तर शपथ. तोंडाचा घेर मुद्दाम केसभर वेगळा ठेवलेला. एकदा दाराशी आलेलं गिऱ्हाईक जन्मभर दावणीला बांधलेलं राहावं, म्हणून. आणि हे उद्योग करून आलेली माणसं संध्याकाळी बिअरचा ग्लास उंचावून म्हणायची, गिऱ्हाईक म्हणजे देव! देवाला दावणीला बांधणारे भक्त तिने फक्त इथेच पाहिले.

या घरात कुराताच्या लेन्सवाल्याचं, उबुकाताचं, नाव मुतखड्याचं नाव घ्यावं तसं घेतलं जायचं. तरी दर नव्या वर्षाला त्याचं कार्ड यायचं आणि यांचं जायचं. त्याच्या कार्डावर हटकून त्याच्याच लेन्सने काढलेला फुजी डोंगर. सादाओ कार्ड भिंगाखाली धरायचे आणि खूश होऊन म्हणायचे, "बघ, डाव्या कोपऱ्यात डोंगर विरघळलाय." वर्षाची सुरुवात गोड व्हायची त्यांची.

मोमोसेबाई कपाट लावून घेत होत्या तेवढ्यात नेझू आले. सादाओंच्या शेजारच्या टेबलावर तीस वर्षं बसलेले, मग त्यांचेच साहेब झालेले, आणि आता होशिमीच्या निवृत्तांच्या मंडळाचे अध्यक्ष. मेलेल्या माणसाला हात जोडून झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक फोटो काढला. तयारीनेच आले होते.

"वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता? हा लावायचा. पारितोषिकाच्या दिवशीचा. इसोगाईसाननी आखलेल्या पंच्याऐंशी मिलिमीटरच्या लेन्सने काढलाय. कोपरे बघा कोपरे! सुईने टोचतील इतके स्वच्छ."

किनूने कोपरे सोडून मधे बघितलं. मधे सादाओ होते. एक डोळा अर्धा मिटलेला, तोंड चिंच चावल्यासारखं, मान कॉलरने धरून ठेवलेली.

"नेझूसान, आज सकाळी गेले तेव्हा बरे दिसत होते ते यापेक्षा," ती म्हणाली.

"चेहऱ्याचं काय घेऊन बसलात! उद्या अख्खं मंडळ येणार. आमची माणसं फोटो बघताक्षणी लेन्स ओळखतात, तुम्हाला माहीत आहे."

ते खोटं नव्हतं. मागच्या झाडापानांतून आलेला उजेड फोटोत ठिपके होऊन पसरतो. होशिमीच्या लेन्समधले ठिपके गोल, कुराताच्या स्वस्त लेन्समधले सात कोनांचे. लग्नाच्या जेवणात, मुलाच्या बारशात, कुठेही फोटो हातात आला की या मंडळींची नजर आधी त्या ठिपक्यांवर. नवरी कशी होती विचारलं तर सांगता यायचं नाही. ठिपके कसे होते ते विचारा.

"आई," चिगुसा म्हणाली. ही किनू-सादाओंची मुलगी, मात्सुमोतोहून सकाळच्या गाडीने आलेली, आत्तापर्यंत गप्प बसलेली. "माझ्याकडे आहे एक. बाबांचा हसतानाचा."

"हसतानाचा?" नेझू म्हणाले. "इसोगाईसानचा?"

"तो लाल कॅमेऱ्याचा?" किनूने विचारलं. चिगुसाने मान हलवली. किनूने एकदा नवऱ्याकडे बघितलं, पांढऱ्या कापडाखाली झाकलेल्या, आणि तिला त्याही परिस्थितीत हसू आलं.

लाल कॅमेरा म्हणजे घरात झालेलं महायुद्ध. आठेक वर्षांमागे चिगुसाने बाळाचे फोटो काढायला म्हणून मात्सुमोतोच्या दुकानातून कॅमेरा घेतला, आणि घेतला तो कुराताचा. का, तर स्वस्त होता, लहान होता, लाल होता, आणि लेन्स बरोबरच मिळत होती. एवढी साधी कारणं! सादाओंना चारही समजली नाहीत. पोरगी बाळाला घेऊन माहेरी आली तेव्हा त्यांनी तो कॅमेरा दारातच अडवला. बाहेरच्या दाराशी चपला-बुटांचं फडताळ आहे, तिथे ठेवायला लावला. कॅमेरा दोन दिवस बुटांच्या शेजारी झोपला.

तिसऱ्या दिवशी दुपारी चिगुसाच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, यात एक गंमत आहे. समोरचा माणूस हसला की हा आपोआप फोटो काढतो."

"हसला की?"

"हो. नाही हसला तर नाही काढत."

"म्हणजे मी कधी हसायचं ते कुराता ठरवणार!" सादाओ म्हणाले. "अकलेचं दिवाळं निघालंय. होय ना? आण तो इकडे. बघतोच कसा काढतो."

स्वतः उठून बुटांच्या फडताळावरून कॅमेरा घेऊन आले. मागच्या अंगणात स्टुलावर तो ठेवला, समोर खुर्ची टाकली, आणि हाताची घडी घालून बसले. पाठीमागे सफरचंदाचं झाड. कॅमेरा त्यांच्याकडे बघतोय आणि हे कॅमेऱ्याकडे. दोघांत जास्त निर्जीव कोण ते सांगणं कठीण होतं. बराच वेळ गेला. बाळ झोपून उठलं. कॅमेरा गप्प.

"बघ!" सादाओ विजयाने म्हणाले. "निकामी."

"अहो बाबा, तुम्ही हसत नाही म्हणून!"

"निकामी ते निकामी."

किनू पाठीमागे झाडाखाली होती. पांढरा एप्रन, कमरेला टोपली, सफरचंदं काढत होती. तिने तिथूनच कॅमेऱ्याला हाक मारली.

"अरे बाबा, कशाला जीव आटवतोस? या माणसाच्या हसण्याची मी लग्नापासून वाट बघतेय. तू तर आज आलायस!"

आधी सादाओंचं पोट हललं. मग खांदे. मग त्यांनी तोंड दाबून धरलं, आणि मग सुटलंच. दाढा दिसेपर्यंत हसले. डोळ्यांतून पाणी आलं. आणि स्टुलावरचा लाल कॅमेरा खट् करून बोलला.

पुढचं मात्र किनूला आठवायचं नव्हतं. हसू ओसरलं तसे सादाओ उठले, कॅमेरा हातात घेतला, मागच्या पडद्यावर फोटो मोठा केला, आणि गेले कुठे? सरळ वरच्या उजव्या कोपऱ्यात.

"चिखल," ते म्हणाले. "कोपऱ्यात नुसता चिखल."

त्या कोपऱ्यात किनू होती. पांढरा एप्रन, टोपली, उघडं तोंड, सगळं कालवल्यासारखं फिसकटलेलं. आयुष्यात पहिल्यांदा ती मधे नव्हती, तर तिला चिखल म्हणाले! ती आत गेली, पातेली आपटली, आणि दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. सादाओ तिथेच खुर्चीत बसून राहिले. तो कोपरा मोठा करून, लहान करून, परत मोठा करून बघत. चहा नेऊन ठेवला तो तसाच गार झाला. मोजताहेत कुराताचे दोष, ती मनात म्हणाली. मोजा.

सहा महिन्यांनी होशिमीनेही हसल्यावर फोटो काढणारा कॅमेरा बाजारात आणला. यांच्यात हसण्याचे तीन प्रकार होते: मंद, मध्यम आणि मोठं. "तुमच्या मालकांनी हे तीन प्रकार पाहिले कुठे?" किनूने विचारलं. सादाओ वर्तमानपत्राआड गेले.

तर तो फोटो. चिगुसाने फोनवर काढून दाखवला. एवढा हसरा म्हातारा त्या घरात कधी राहत होता असं कुणाला वाटलं नसतं.

नेझू मात्र फोन डोळ्यापाशी नेऊन म्हणाले, "सात कोन."

"काय?" मोमोसेबाईंनी विचारलं.

"मागचे ठिपके. सात कोनांचे आहेत. हा कुराताचा आहे." वास येत असल्यासारखा त्यांनी फोन परत दिला. "वहिनी, माफ करा, पण हे होणं नाही. होशिमीच्या माणसाच्या शवपेटीवर कुराताने काढलेला फोटो? लोक तोंडात शेण घालतील. इसोगाईसानच्या जन्माच्या कामावर बोळा फिरेल. उद्या धूप वाहताना माणसं फोटो बघणार, आणि फोटोत बघणार काय? सात कोन!"

"चेहरा बघतील," चिगुसा म्हणाली.

"तू ओळखत नाहीस त्यांना," नेझू म्हणाले. हे मात्र अगदी खरं होतं.

मोमोसेबाईंनी हळूच तोड काढली. "एवढं काही नाही त्यात. आम्ही नाहीतरी मागचं सगळं काढूनच टाकतो. निळसर आभाळ घालतो, अंगात काळा किमोनो घालतो, फक्त चेहरा ठेवतो. सगळ्यांचंच तसं करतो. मग कशाने काढला ते कुणाला कळणार?"

नेझूंनी विचार केला. डोळ्यातल्या चमकेवरूनही ओळखणारे दोघे मंडळात आहेत, पण एकाला मोतीबिंदू झालाय, दुसरा ओसाकाला असतो. चालेल म्हणाले. चिगुसाला हायसं वाटलं. किनूही हो म्हणाली. तिला वाद नको होता, हसरा नवरा हवा होता, आणि तो मिळत होता. आणखी काय पाहिजे?

संध्याकाळी मोमोसेबाई टॅब घेऊन परत आल्या. काम सुबक झालं होतं. काळा किमोनो, निळं आभाळ, मधे सादाओ दाढा दाखवून हसतायत.

किनू बघत राहिली. काहीतरी चुकत होतं.

"आवडलं नाही का?" बाईंनी विचारलं.

"हे हसतायत कशाला?" किनू म्हणाली.

"म्हणजे?"

"आभाळात एकटा माणूस असा हसतो का? वेड लागल्यासारखे दिसतायत. आधीचा दाखवा जरा. अख्खा."

बाईंनी अख्खा दाखवला. अंगण आलं, झाड आलं, सात कोनांचे ठिपके आले, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात तो पांढरा डाग आला. किनूने बोटांनी कोपरा मोठा केला, त्या दिवशी सादाओ करत होते तसा. मोठं केलं तर काही स्पष्ट होत नव्हतं. एप्रन कुठे संपतो आणि टोपली कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. पण तोंड उघडं होतं एवढं कळत होतं. ती बोलत होती. ती बोलली म्हणून ते हसले होते.

हा माणूस जन्मभर फोटोत एकच जागा बघत आला. मधे त्याने कधी बघितलं नाही, मधे बघायचं काय, ते चांगलंच असतं म्हणाला. आणि त्या दिवशी ती त्याच्या जागेत जाऊन उभी होती. चहा गार होईपर्यंत तो काय बघत बसला होता? दोष मोजत होता असं तिने ठरवून टाकलं, आणि दोन दिवस रुसून बसली. विचारलं नाही. एकदा विचारायला काय झालं होतं? आता विचारायला माणूस नाही. तिला रडू आलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच ती रडली.

मग पदराने पुसावं तसं किमोनोच्या बाहीने तोंड पुसून म्हणाली, "काही काढू नका. असाच लावा. अख्खा."

"चेहरा लहान दिसेल हो."

"दिसू दे."

"आणि तो वरचा कोपरा तरी नीट करू का? काहीतरी पांढरं फिसकटलंय."

"त्याला तर हातच लावू नका," किनू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभागृहात पांढऱ्या शेवंतीच्या ढिगात तो फोटो उभा राहिला. असा अंगणासकट, झाडासकट फोटो तिथे कुणी कधी पाहिला नव्हता. भिक्षूंचं पठण झालं आणि माणसं रांगेने पुढे यायला लागली. जपमाळ हातात, चिमूटभर धूप निखाऱ्यावर, हात जोडायचे, घरच्यांना वाकून नमस्कार, बाजूला. शेजारी आले, चिगुसाच्या सासरचे आले, भाजीवाली आली. फोटोकडे बघून हसत हसत रडली भाजीवाली. मग होशिमीची मंडळी आली आणि रांग तुंबली.

पहिल्याने धूप टाकला, हात जोडले, डोळे उघडले, आणि मान वाकडी केली. दुसऱ्याने चष्मा वर केला.

"सात कोन."

"छे!"

"मोज की तूच."

"कुराता?"

"इसोगाईच्या फोटोला कुराता?"

काळ्या कोटातली आठदहा म्हातारी डोकी फोटोपुढे गोळा झाली. निखाऱ्यावर धूप पडेना. किनू घरच्यांच्या खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. बघत होती. पेटीत माणूस पडलाय आणि हे ठिपक्यांचे कोन मोजतायत. यांच्या अंत्यविधीला कुणी आरसा लावला तरी हे आरशाची जात विचारतील.

नेझू गर्दीतून पुढे आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "वहिनी, आपलं ठरलं होतं!" ते दबक्या आवाजात म्हणाले. "निळं आभाळ ठरलं होतं!"

"बदललं," किनू म्हणाली.

तेवढ्यात रांगेच्या शेवटून एक काठी टेकत येणारा म्हातारा पुढे आला. किनूने त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण होशिमीवाले ज्या तऱ्हेने बाजूला सरले त्यावरून कळलं. कुराताचा उबुकाता. टोकियोहून आला होता. त्याने धूप वाहिला, हात जोडले, फोटोकडे बघितलं, आणि त्याचं तोंड कसनुसं झालं. काठी बाजूला टेकवून तो कमरेत वाकला. इतका खाली की परत उठतो की नाही अशी भीती वाटावी.

"इसोगाईसान, क्षमा करा," तो फोटोला म्हणाला. "हा कोपरा. माझीच लेन्स आहे ही. माझ्या आराखड्यात आणखी एक काच होती. कोपरा स्वच्छ आला असता. किंमत उतरवायची म्हणून शेवटच्या महिन्यात ती काच काढायला लावली. विक्रीवाले म्हणाले, कोपऱ्यात कोण बघतंय?"

"बघा!" नेझू म्हणाले. "कबूल केलं!"

"किंमत का उतरवावी लागली?" उबुकाता वळला. "तुम्ही दर पाडलेत म्हणून."

"आम्ही पाडले, कारण तुम्ही कॅमेऱ्याबरोबर लेन्स वाटायला लागलात!"

"तुम्ही नऊ रंग काढल्यावर आम्ही काय वाटायचं? रंग?"

"हळू बोला, हळू," कुणीतरी म्हणालं, आणि तोच पुढे वाकून म्हणाला, "पण कोपरा खरंच वाईट आहे हो. हे पांढरं काय आहे? लेन्समध्ये उजेड शिरलाय का?"

"उजेड नाही, काचेचा दोष."

"चिखल झालाय नुसता."

किनू उठली. घरच्यांनी या वेळी उठायचं नसतं. चिगुसाने तिची बाही धरली, तिने ती सोडवून घेतली आणि त्या काळ्या कोटांच्या मधे जाऊन उभी राहिली. ती त्यांच्या खांद्याइतकी सुद्धा उंच नव्हती.

"ती मी आहे," ती म्हणाली.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"तो चिखल. ती मी आहे. उजेड नाही शिरला आणि काच फुटली नाही. सफरचंदं काढत होते. तुमच्या प्रत्येक लेन्सला मी त्या झाडाखाली उभी राहिलेय, नेझूसान. माझे फोटो तुमच्या बैठकीत भिंतीवर लागायचे, तुम्ही सगळे ते बघायचात. एकाने तरी कधी विचारलं, ही बाई कोण? कोपरे बघितलेत. आज कोपऱ्यात आहे तर म्हणताय चिखल. बघा आता नीट. वाका, वाका. तुम्हाला सवय आहे."

कुणी वाकलं नाही. उबुकाताने मान खाली घातली. नेझूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कोपऱ्याकडे बघायची त्यांची छाती होईना, आणि फोटोसमोरून हलताही येईना, तेव्हा त्यांची नजर नाइलाजाने मधे आली. मधे सादाओ होते. नेझू बघत राहिले. तीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस.

"अरे," ते म्हणाले. "इसोगाई हसतोय."

मागच्या दोघांनीही पाहिलं. "खरंच की," एक म्हणाला. "हसतोय."

"दिसलं एकदाचं?" किनू म्हणाली. "आता सरका पुढे. मागे माणसं खोळंबलीत."